नऊ दिवसांचा नमुना : शुक्राणू, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि एका जोडप्याची तीन वर्षे

पुढील प्रकरण कोणा एका व्यक्तीच्या कागदपत्रांवरून लिहिलेले नाही. वंध्यत्वाच्या चिकित्सेत वारंवार आढळणाऱ्या बाबी एका जोडप्याच्या रूपात एकत्र आणून ते मांडले आहे. त्यामुळे रुग्णाविषयीचे आकडे प्रातिनिधिक समजावेत. संशोधनाच्या संदर्भात आलेली वर्षे आणि संख्या मात्र प्रत्यक्षातल्या आहेत.

पती ३५ वर्षांचे, पत्नी ३१ वर्षांच्या. मूल व्हावे म्हणून तीन वर्षे प्रयत्न चालू होते. दुसऱ्या वर्षी एकदा दिवस राहिले, पण सातव्या आठवड्यात गर्भपात झाला. पत्नीची पाळी नियमित होती, गर्भनलिका मोकळ्या होत्या आणि बीजांचा साठा वयाला साजेसा होता. तरीही पहिल्या दोन वर्षांतल्या जवळजवळ सगळ्या तपासण्या त्यांच्याच झाल्या. वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने सापडते, हे आता नवे राहिलेले नाही. असे असूनही पतीची पहिली वीर्यतपासणी व्हायला चोवीस महिने जावे लागले.

त्या पहिल्या अहवालात वीर्याचे प्रमाण ३.८ मिलीलीटर, शुक्राणूंची संख्या प्रति मिलीलीटर २४ दशलक्ष, पुढे सरकणारे शुक्राणू २२ टक्के, एकूण हालचाल करणारे ३६ टक्के आणि योग्य आकाराचे ३ टक्के असे आकडे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत किमान संदर्भमूल्ये अनुक्रमे १.४ मिलीलीटर, १६ दशलक्ष, ३० टक्के, ४२ टक्के आणि ४ टक्के अशी आहेत. म्हणजे संख्या पुरेशी होती, पण गती आणि आकार कमी पडत होते. ही संदर्भमूल्ये ज्या पुरुषांच्या जोडीदारांना वर्षभराच्या आत गर्भधारणा झाली, अशा पुरुषांमधील तळाच्या पाच टक्क्यांची सीमा दाखवतात. त्या रेषेच्या वर सगळे सुपीक आणि खाली सगळे वंध्य, असा त्यांचा अर्थ नाही. अहवाल देताना मात्र 'काउंट चांगला आहे' एवढेच सांगितले गेले. पतीने ते ऐकून सुटकेचा निःश्वास टाकला आणि विषय पुन्हा पत्नीच्या तपासण्यांकडे वळला.

त्याच कागदावर वरच्या बाजूला, नमुना घेतल्याच्या वेळेशेजारी, एक छोटी चौकट होती: 'संयमाचे दिवस – ९', म्हणजे आधीच्या वीर्यस्खलनाला उलटलेले दिवस. पुस्तिकेनुसार नमुना देण्यापूर्वीचा संयम दोन ते सात दिवसांचा असावा लागतो. चौकट भरणाऱ्याने ती नीट भरली होती. वाचणाऱ्यांपैकी कोणीही तिच्यापाशी थांबले नव्हते.

शुक्राणू ऑक्सिजनपुढे इतका दुबळा का

ऑक्सिजनच्या देवघेवीत पेशींमध्ये काही अतिक्रियाशील रेणू सतत तयार होत असतात. सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रॉक्सिल मूलक ही त्यांतली मुख्य नावे; पुढे या सर्वांना मिळून 'मूलके' म्हटले आहे. त्यांना आवर घालणारी अँटिऑक्सिडंट यंत्रणाही शरीरात असते. तयार होणारे रेणू या यंत्रणेच्या आवाक्याबाहेर गेले की जी अवस्था येते, तिला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. शुक्राणूंच्या बाबतीतला हा धोका बराच जुना माहितीतला आहे. जॉन मॅक्लाउड यांनी १९४३ मध्येच दाखवले होते की, ऑक्सिजनचे प्रमाण जास्त असलेल्या द्रवात मानवी शुक्राणूंची गती मंदावते आणि त्यात कॅटलेज हे हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) मिसळले की ती टिकून राहते.

शुक्राणूचा दुबळेपणा त्याच्या घडणीतच आहे. वृषणात पक्व होताना तो आपला जवळजवळ सगळा पेशीद्रव टाकून देतो, कारण लांबचा प्रवास करणाऱ्याला ओझे परवडत नाही. पण इतर पेशींची संरक्षक विकरे याच पेशीद्रवात राहतात. ती गेल्यावर शुक्राणूच्या हाती स्वतःचे असे फारसे संरक्षण उरत नाही आणि त्याला भोवतालच्या वीर्यद्रवातील सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज, क जीवनसत्त्व, युरिक ॲसिड यांच्या भरवशावर राहावे लागते. वीर्यद्रवात क जीवनसत्त्व रक्तद्रवाच्या अनेक पट असते, ते बहुधा याचसाठी. दुसरीकडे, त्याचे आवरण लवचिक राहावे म्हणून त्यात डीएचए हे बहुअसंतृप्त स्निग्धाम्ल भरपूर असते. हेच स्निग्धाम्ल ऑक्सिडीकरणाला सर्वांत लवकर बळी पडते. एका रेणूपासून सुरू झालेले हे खवटणे शेजारच्या रेणूंत साखळीसारखे पसरते, आवरण ताठर होते, शेपटीची लय बिघडते आणि स्त्रीबीजाशी एकरूप होण्याची क्षमता घटते. या प्रक्रियेत तयार होणारी काही विषारी संयुगे मधल्या भागातील, ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांना इजा करतात, आणि इजा झालेल्या मायटोकॉन्ड्रियांतून आणखी मूलके बाहेर पडतात. असे हे चक्र स्वतःलाच इंधन पुरवत राहते.

सूक्ष्मदर्शकाखाली या रुग्णाचा नमुना पाहताना आणखी एक गोष्ट दिसली. बऱ्याच शुक्राणूंच्या मानेपाशी पेशीद्रवाचा एक फुगीर थेंब चिकटून राहिला होता. डोक्याच्या एक तृतीयांशाहून मोठा, काठाशी किंचित चमकणारा. टाकून द्यायचा तो पेशीद्रव नीट टाकला न गेल्याची ही खूण. वरवर पाहता पेशीद्रव जास्त म्हणजे संरक्षण जास्त असे वाटेल, पण घडते उलटेच: या उरलेल्या थेंबात ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज विकर शिल्लक असते, त्यामुळे एनएडीपीएच हे इलेक्ट्रॉन पुरवणारे संयुग तयार होत राहते आणि त्याच्या आधारे शुक्राणू स्वतःच मूलके निर्माण करू लागतो. सदोष शुक्राणू अशी मूलके स्वतः तयार करतात, हे आर. जॉन एटकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवले. नमुन्यातील पांढऱ्या पेशींचे प्रमाण मात्र प्रति मिलीलीटर ०.४ दशलक्ष, म्हणजे १ दशलक्ष या मर्यादेच्या बरेच खाली होते. ही बाब महत्त्वाची ठरली, कारण पांढरी पेशी शुक्राणूच्या कितीतरी पटींनी अधिक मूलके सोडते आणि तिचे प्रमाण वाढलेले असते तर आधी संसर्गाचा शोध घ्यावा लागला असता.

आता डीएनएविषयी. शुक्राणूच्या डोक्यातील डीएनए इतर पेशींतल्या हिस्टोन प्रथिनांऐवजी प्रोटामाइन या प्रथिनांभोवती अतिशय घट्ट गुंडाळलेला असतो. मानवात ही गुंडाळणी पूर्ण नसते. सुमारे दहा ते पंधरा टक्के भाग हिस्टोनांवरच राहतो, आणि गुंडाळणी जिथे सैल असते तिथे मूलकांना वाट मिळते. त्यातही शुक्राणूकडे डीएनए दुरुस्त करणारी साखळी अपुरी आहे. बिघडलेला तुकडा कापून काढणारे पहिले विकर त्याच्याकडे आहे, पुढचे काम करणारी नाहीत. उरलेली दुरुस्ती फलनानंतर स्त्रीबीजाला करावी लागते. बिघाड थोडा असेल तर ती होऊन जाते. फार असेल किंवा स्त्रीबीजाचे वय जास्त असेल तर फलन होऊनही गर्भ पुढे वाढत नाही. वीर्यातील डीएनए तुटण्याचे प्रमाण जास्त असणे आणि गर्भपात होणे यांचा संबंध अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसून आला आहे. या जोडप्याच्या सातव्या आठवड्यातील गर्भपाताचे कारण हेच होते, असे कोणी म्हणू शकणार नाही, कारण एकट्या गर्भपातामागे बहुतेक वेळा गुणसूत्रांतील योगायोगाचा दोष असतो. पण 'काउंट चांगला आहे' या वाक्यावर फाइल मिटवू नये, एवढे त्या घटनेने सांगितले होते.

गोळ्यांचे सात महिने

पहिल्या अहवालानंतर पतीने स्वतःहून वाचन केले. 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' हा शब्द त्यांना तिथेच भेटला आणि त्याला जोडून आलेला उपायही. सल्ल्यासाठी आले तेव्हा ते सात महिने दोन वेगवेगळ्या अँटिऑक्सिडंट गोळ्या घेत होते. दोन्ही डब्यांवरील घटकांची यादी शेजारी शेजारी ठेवून वाचली, तेव्हा ई जीवनसत्त्व, सेलेनियम आणि झिंक हे तिन्ही घटक दोन्हींत असल्याचे दिसले. रोजची मात्रा त्यांच्या नकळत जवळपास दुप्पट झाली होती. याच सात महिन्यांत ते दिवसाला दहा ते बारा सिगारेटी ओढत होते. बारा वर्षांची ही सवय त्यांनी विचारल्यावरच सांगितली, तीही 'गोळ्या चालू आहेत, म्हणून तेवढे चालते' अशा सुरात.

हे वाक्य या संपूर्ण प्रकरणाच्या मुळाशी आहे. धूर चालू ठेवून त्यावर उतारा घेत राहण्याचा हा हिशेब बहुतेकांना पटतो, कारण गोळी घेणे सोपे असते. सिगारेटच्या धुरात स्वतःचीच मूलके असतात, कॅडमियमसारखे जड धातू असतात, आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात क जीवनसत्त्वाची पातळी न करणाऱ्यांपेक्षा कमी आढळते.

गोळ्यांच्या बाजूचा पुरावा किती आहे, हे पाहणे आवश्यक आहे. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या परिवीक्षणात अशा गोळ्यांनी जिवंत अपत्याची शक्यता वाढू शकते असा कौल आहे, पण पुराव्याची खात्री कमी असल्याचे तेच परिवीक्षण बजावते. बरेचसे अभ्यास लहान आहेत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी उत्साह आणखी कमी केला. मॉक्सी या चाचणीत क आणि ई जीवनसत्त्व, सेलेनियम, एल-कार्निटिन, झिंक, फोलिक ॲसिड आणि लायकोपीन यांचे मिश्रण दिले गेले. तीन महिन्यांनंतर शुक्राणूंची संख्या, गती किंवा डीएनएची स्थिती यांत प्लासिबोच्या (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या) तुलनेत सुधारणा दिसली नाही. दुसरी चाचणी २,३७० जोडप्यांवर झाली. तीत पुरुषांना सहा महिने रोज ३० मिलीग्रॅम झिंक आणि ५ मिलीग्रॅम फोलिक ॲसिड देण्यात आले; जिवंत अपत्याचे प्रमाण उपचार घेणाऱ्यांत ३४ टक्के आणि प्लासिबो घेणाऱ्यांत ३५ टक्के राहिले, आणि डीएनए तुटण्याचे प्रमाण उपचार घेणाऱ्यांतच थोडे अधिक निघाले.

हा शेवटचा मुद्दा अनेकांना चक्रावून टाकतो. पण शुक्राणूला थोडी मूलके हवीच असतात. स्त्रीच्या जननमार्गात त्याला फलनक्षमता येते ती प्रक्रिया, तसेच स्त्रीबीजाचे कवच भेदण्यासाठी त्याच्या टोकावरील पिशवी फुटण्याची क्रिया, या दोन्हींना मूलकांचा अल्प प्रमाणातील संकेत लागतो. अधिवृषणातून, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या साठवणीच्या नळीतून, जाताना प्रोटामाइनांमध्ये गंधकाचे जे बंध जुळतात आणि डीएनएची गुंडाळणी पक्की करतात, तेही सौम्य ऑक्सिडीकरणानेच जुळतात. अँटिऑक्सिडंटचा मारा केला तर हे बंध अपुरे राहून गुंडाळणी सैल पडण्याची शक्यता असते. म्हणून ज्याची पातळी मोजलेलीच नाही, ती खाली आणण्यासाठी महिनोन्‌महिने औषध घेणे हे प्रस्तुत लेखकाच्या मते निरुपद्रवी मानता येणार नाही.

मूलके येतात कुठून

शारीरिक तपासणी त्यापूर्वी कधीच झालेली नव्हती. रुग्णाला उभे करून, तपासले असता, श्वास रोखून जोर द्यायला न सांगताही, डाव्या अंडकोशात फुगलेल्या शिरांचा गुंता हाताला स्पष्ट लागला. हे दुसऱ्या श्रेणीचे व्हेरिकोसील होते. डावे वृषण उजव्याच्या मानाने किंचित लहान होते; एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरके सामान्य होती. सर्वसाधारण पुरुषांत सुमारे १५ टक्के आणि वंध्यत्वासाठी येणाऱ्या पुरुषांत ३५ ते ४० टक्के आढळणारी ही अवस्था बहुधा डावीकडे होते, कारण डाव्या वृषणाची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते आणि रक्ताचा स्तंभ मागे ढकलला जाण्यास तिथे अधिक वाव मिळतो. रक्त साचले की वृषणाचे तापमान वाढते. शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश थंड राहणे ही शुक्राणूनिर्मितीची गरज असल्याने ही ऊब मूलकांचे उत्पादन वाढवते. अपुरा ऑक्सिजन आणि उलट्या दिशेने येणारे रक्तातील टाकाऊ घटकही त्यात भर घालतात.

डीएनए तुटण्याची तपासणी करावी की नाही, यावर विचार करावा लागला. २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार ती पहिल्या फेरीत सरसकट करायची नसते. इथे गर्भपात झालेला होता, गती कमी होती आणि व्हेरिकोसील सापडले होते, म्हणून ती करण्यात आली. डॉन इव्हेन्सन यांच्या १९८० च्या कामातून विकसित झालेल्या पद्धतीने निर्देशांक ३८ टक्के आला; ३० टक्क्यांच्या पुढचा आकडा सहसा चिंतेचा मानतात. मूलकांचे थेट मापन केले नाही. त्यासाठीची ल्युमिनॉल या रसायनाची पद्धत ताज्या नमुन्यावर ठरावीक वेळेतच करावी लागते, आणि निकाल काहीही आला असता तरी उपचाराची दिशा बदलली नसती.

मग त्या नऊ दिवसांकडे परत यावे लागले. विचारल्यावर कळले की हा योगायोग नव्हता. 'बीज साठले की जोर येतो' या समजुतीने हे जोडपे दर महिन्याला पाळीनंतर आठ-दहा दिवस संबंध टाळत असे आणि बीजोत्सर्गाच्या अंदाजे दिवशी एकदाच जवळ येत असे. त्यांनी ही शिस्त तीन वर्षे, अगदी प्रामाणिकपणे, पाळली होती. साठल्याने संख्या आणि प्रमाण वाढते हे खरे आहे; अहवालातील ३.८ मिलीलीटर त्याचीच साक्ष देत होते. पण अधिवृषणाच्या शेवटच्या भागात थांबलेले शुक्राणू तिथे दुरुस्त होत नाहीत. मरणाऱ्या आणि सदोष शुक्राणूंच्या सहवासात ते मूलकांचा मारा सोसत राहतात आणि डीएनए तुटण्याचे प्रमाण दिवसागणिक वाढत जाते.

काय केले, आणि पुढे काय दिसले

पहिल्या भेटीत तीन गोष्टी ठरल्या. दोन्ही गोळ्या बंद करायच्या, सिगारेट सोडायची आणि सुपीक दिवसांच्या आसपास दर एक-दोन दिवसांनी संबंध ठेवायचे. तिसरी सूचना ऐकून पत्नीने विचारले, "म्हणजे आम्ही नेमके उलटे करत होतो?" याला सौम्य उत्तर नव्हते.

चार आठवड्यांनी, दोन दिवसांच्या संयमानंतर घेतलेल्या नमुन्यात प्रमाण २.६ मिलीलीटर आणि संख्या १९ दशलक्ष, म्हणजे दोन्ही आकडे आधीपेक्षा कमी होते. पतीला धक्का बसला. पुढे सरकणारे शुक्राणू मात्र २८ टक्क्यांवर आणि डीएनएचा निर्देशांक ३२ वर आला होता. एकाच पुरुषाचे दोन नमुने बरेच वेगळे येऊ शकतात, त्यामुळे एवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही. तरी शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस आणि अधिवृषणातून बाहेर पडायला आणखी दीड-दोन आठवडे लागतात, हे लक्षात घेता चार आठवड्यांतला बदल सिगारेट सोडल्याचा असण्यापेक्षा संयमाचे दिवस कमी झाल्याचा असण्याची शक्यता अधिक.

हाताला लागणारे व्हेरिकोसील, वीर्यातील दोष आणि तरुण जोडीदार या तिन्ही गोष्टी जुळत असल्याने सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करण्यात आली. तीत फुगलेल्या शिरा बांधतात. रोहिणी आणि लसीकावाहिन्या राखतात. टेस्ट ट्यूब बेबीचा, विशेषतः इक्सीचा, पर्यायही समोर ठेवला होता. पत्नीचे वय ३८ असते तर कदाचित तोच आधी निवडला असता, कारण शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिने वाट पाहणे त्या वयात महाग पडते. इक्सीत एकच शुक्राणू निवडून आत सोडतात खरे, पण त्याचा डीएनए शाबूत आहे की नाही हे निवडणाऱ्याला दिसत नसते.

तीन महिन्यांनी गती ३१ टक्के झाली. सहा महिन्यांनी ती ३७ टक्के, संख्या २७ दशलक्ष आणि डीएनएचा निर्देशांक २१ झाला. आकार ४ टक्क्यांवर, म्हणजे रेषेवरच, राहिला. सिगारेट दोनदा पुन्हा सुरू होऊन दोनदा सुटली होती. एकदाची घसरण तीन आठवड्यांची होती आणि ती पत्नीने सांगितली, पतीने नव्हे. आठव्या महिन्यात टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांशिवाय दिवस राहिले आणि गर्भाने बारावा आठवडा सुखरूप ओलांडला.

यात शस्त्रक्रियेचा वाटा किती, धूम्रपान कमी झाल्याचा किती, वेळापत्रक बदलल्याचा किती आणि निव्वळ योगायोगाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. तीन गोष्टी एकाच काळात बदलल्या होत्या, आणि प्रयत्नांच्या चौथ्या वर्षी कसलाही उपचार न करता गर्भधारणा होणारी जोडपीही असतात. गोळ्या बंद केल्याने बिघडले काहीच नाही, एवढे अहवालांवरून म्हणता येते. त्या बंद केल्यामुळे सुधारले, असे म्हणायला आधार नाही. बाराव्या आठवड्याच्या भेटीत पतीने त्यांतला एक डबा सोबत आणला होता. त्यात अजून चाळीसेक गोळ्या होत्या, आणि त्या पत्नीने घेतल्या तर चालतील का, असे त्यांना विचारायचे होते. त्यांना नाही म्हणून सांगण्यात आले.